छायाचित्रावरून परोपजीवी माशीची ओळख

शेतात अनोळखी कीटक दिसला की भ्रमणध्वनीवर त्याचे छायाचित्र काढून ते कृषी विज्ञान केंद्राकडे अथवा कृषी विद्यापीठाकडे पाठवावयाचे, ही रीत आता गावोगाव रुळली आहे. रीत चांगली आहे. परंतु जसे छायाचित्र तसे उत्तर, हे ध्यानात ठेवावयास हवे. माश्यांच्या बाबतीत तर ही गोष्ट विशेष महत्त्वाची ठरते. तुरीच्या शेतात करड्या रंगाची, राठ केसांची माशी आढळली, तर ती शेंगा पोखरणाऱ्या अळीचा नाश करणारी, म्हणजे शेतकऱ्याची मित्र असण्याचा संभव असतो. दिसावयास तशीच असलेली माशी रेशीम कीटकांच्या संगोपनगृहात शिरली, तर हाताशी आलेले कोषांचे पीक वाया जाते. तिसरी एखादी त्याच रूपाची माशी कुजक्या पदार्थांवर वाढणारी असते; पिकाशी तिचा काहीच संबंध नसतो. ओळख चुकली म्हणजे मित्रावर फवारणी होते किंवा शत्रूस दार उघडे राहते. म्हणून अशा माशीचे छायाचित्र कसे घ्यावे, त्यात काय पाहावे आणि त्यावरून किती सांगता येते, याचा विचार या लेखात केला आहे.

परोपजीवी माशी म्हणजे काय?

जी माशी आपली पिले दुसऱ्या जिवंत कीटकाच्या शरीरात वाढविते व शेवटी त्या कीटकाचा जीव घेते, तिला येथे परोपजीवी माशी म्हटले आहे. ज्याच्या शरीरात पिले वाढतात तो कीटक ‘यजमान’ होय. माशीच्या अळीस पाय नसतात व स्पष्ट डोकेही नसते. पिकावरील अळीशी घोटाळा होऊ नये म्हणून माशीच्या अळीस या लेखात ‘कृमी’ असा शब्द योजला आहे.

अशा माश्यांचे सर्वांत मोठे कूळ टॅकिनिड माश्यांचे आहे. या कुळातील साडेआठ हजारांहून अधिक जातींची जगात नोंद झाली आहे. यजमानापर्यंत पोहोचण्याच्या त्यांच्या रीती निरनिराळ्या आहेत. काही जातींची मादी यजमान अळीच्या त्वचेवरच पांढरे, लंबगोल अंडे घट्ट चिकटविते. हे अंडे नुसत्या डोळ्यांनी दिसते. काही जाती अतिसूक्ष्म अंडी पानांवर घालतात. पानाबरोबर अंडे अळीच्या पोटात जाते व तेथे फुटते. उसाच्या खोडकिड्यावर उपजीविका करणारी स्टर्मिऑप्सिस इन्फेरेन्स ही माशी खोडावरील छिद्राजवळ जिवंत कृमी सोडते. ते कृमी छिद्रातून आत शिरून किडीचा शोध घेतात.

कृमी यजमानास एकदम मारीत नाही. आतील भाग खात तो वाढतो आणि पूर्ण वाढ झाल्यावर यजमानाचे शरीर भेदून बाहेर पडतो. पुढे बहुधा जमिनीत त्याचा तपकिरी, पिंपाच्या आकाराचा कोष बनतो व काही दिवसांनी त्यातून माशी निघते.

एकच कूळ, दोन नाती

भारतात घाटे अळीवर, म्हणजेच तूर, हरभरा व कापूस यांवरील हेलिकोव्हर्पा या किडीवर, कार्सेलिया इलोटा व गोनिऑफ्थॅल्मस हॅली या टॅकिनिड माश्या आढळून आल्या आहेत. तंबाखूची पाने खाणाऱ्या अळीवर, म्हणजे स्पोडोप्टेरावर, पेरिबिया ऑर्बाटा ही माशी उपजीविका करते. या माश्या शेतकऱ्यांकडून कसलाही मोबदला न घेता किडीची पुढील पिढी कमी करीत असतात.

याच कुळातील एक्झोरिस्टा बॉम्बिसिस ही माशी मात्र तुतीवरील रेशीम कीटकांची वैरीण आहे. तिलाच उझी माशी म्हणतात. बंगालमध्ये ती पूर्वीपासून ठाऊक होती. १९८० साली ती कर्नाटकात आढळली आणि तेथील रेशीम उद्योगास तिने मोठा उपद्रव दिला. ही माशी रेशीम कीटकाच्या अंगावर अंडे घालते. कृमी आत शिरला की त्या जागी काळा डाग पडतो. कीटक कोष विणण्यापूर्वी मरतो किंवा कृमी विणलेल्या कोषास भोक पाडून बाहेर येतो. भोक पडलेल्या कोषाचा अखंड धागा निघत नाही. विदर्भात भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली या भागांत टसर रेशमाचे उत्पादन होते. टसर कीटकासही ब्लेफॅरिपा झेबिना ही याच कुळातील माशी उपद्रव देते.

मराठवाड्यात आज अनेक शेतकरी एका बांधावर तूर व दुसऱ्या बांधावर तुती लावतात. त्यामुळे ‘ही माशी चांगली की वाईट?’ या प्रश्नाचे उत्तर माशीच्या रूपाबरोबरच ती कोणत्या यजमानातून निघाली यावरही अवलंबून असते. नुसत्या माशीचे छायाचित्र पाहून हे उत्तर देता येत नाही, याचे पहिले कारण हेच होय.

छायाचित्रात काय पाहावे?

छायाचित्र हाती आले की पुढील क्रमाने पाहावे.

पहिली गोष्ट, पंखांची संख्या. माशीस दोनच पंख असतात. त्यांच्या मागे दांडीवर बसविलेल्या गोळीसारखे दोन लहान अवयव असतात. गांधीलमाशीच्या वर्गातील परोपजीवी कीटकांस चार पंख असतात व बहुतेकांची कंबर बारीक असते. घाटे अळीच्या लहान अवस्थेवर आढळणारा कॅम्पोलेटिस हा उपयुक्त कीटक या दुसऱ्या वर्गातील आहे. तो माशी नव्हे.

दुसरी गोष्ट, शरीरावरील केस. टॅकिनिड माश्यांपैकी पुष्कळांच्या पोटावर, विशेषतः मागील टोकाकडे, लांब, जाड व राठ केस उभे असतात. फुलांवर अधांतरी तरंगणाऱ्या, पिवळ्या-काळ्या पट्ट्यांच्या सिरफिड माशीच्या अंगावर असे राठ केस नसतात. तिची पिले मावा खातात. तीही मित्रच आहे, परंतु तिचे कूळ निराळे.

तिसरी गोष्ट, पाठीचा मागचा भाग. माशीच्या वक्षाच्या मागील टोकास त्रिकोणी ढालीसारखा एक भाग असतो. टॅकिनिड माशीत या ढालीखाली आणखी एक गोलसर फुगवटी स्पष्ट दिसते. ही या कुळाची फार उपयोगी खूण आहे. मात्र ती केवळ बाजूने घेतलेल्या छायाचित्रातच दिसते. वरून घेतलेली दहा छायाचित्रे असली तरी तिचा पत्ता लागत नाही.

चौथी गोष्ट, शृंगिकेवरील केस. डोक्याच्या पुढील बाजूस दोन आखूड शृंगिका असतात व प्रत्येकीवर एक लांब केस असतो. घरमाशीत हा केस टोकापर्यंत पिसासारखा असतो. मांसमाशीत तो बहुधा बुडाकडे पिसासारखा व टोकाकडे साधा असतो. अनेक टॅकिनिड माश्यांत तो संपूर्ण साधा असतो. परंतु या कुळाच्या काही शाखांत पिसासारखा केसही आढळतो. म्हणून या एकाच खुणेवर निर्णय देऊ नये.

रंग व पट्टे यांवर तर फारच कमी भिस्त ठेवावी. घरमाशीच्या पाठीवर चार काळे पट्टे असतात. उझी माशीच्या पाठीवरही चार असतात. मांसमाशीच्या पाठीवर तीन ठळक पट्टे व पोटावर बुद्धिबळाच्या पटासारखे करडे-काळे चौकोन दिसतात. परंतु उजेडाची दिशा बदलली की त्या चौकोनांचा रंगही बदललेला भासतो. चकचकीत हिरवी किंवा निळी माशी बहुधा मांसावर व मळावर वाढणाऱ्या माश्यांपैकी असते. तथापि टॅकिनिड कुळातही काही धातुवर्णी जाती आहेत.

छायाचित्राची मर्यादा

वरील खुणा नीट दिसल्या तर माशीचे कूळ बहुधा सांगता येते. जातीचे नाव सांगणे हे निराळे व अवघड काम आहे. अनेक जातींमधील भेद नराच्या जननेंद्रियांच्या रचनेत असतो आणि तो सूक्ष्मदर्शकाखाली नमुना तपासल्यावाचून कळत नाही. माशी जितकी दुर्मिळ, तितका हा अडथळा मोठा. कारण तुलनेसाठी संग्रहात नमुने थोडे असतात.

या प्रश्नावर २०१५ साली शास्त्रज्ञांमध्ये मोठा वाद झाला. कॅनडातील स्टीफन मार्शल व हवाईमधील नील एव्हनहुइस या दोन माशीतज्ज्ञांनी दक्षिण आफ्रिकेतील एका परोपजीवी माशीस मार्लेइमिया झायलोकोपी असे नवे नाव दिले. ही माशी टॅकिनिड नसून बॉम्बिलिड या दुसऱ्या परोपजीवी कुळातील आहे. दिसावयास ती लाकूड पोखरणाऱ्या भुंग्यासारखी असल्याने तिला त्या भुंग्यावरून नाव मिळाले. एकही नमुना जतन केलेला नसताना केवळ छायाचित्रांवरून हे वर्णन प्रसिद्ध झाले. रूप इतके वेगळे असताना व छायाचित्रे इतकी स्पष्ट असताना नाव देण्यास हरकत नसावी, असे त्यांचे म्हणणे होते. यावर २०१६ साली ‘झूटॅक्सा’ या नियतकालिकात ४९३ जणांच्या सह्यांनिशी हरकत घेण्यात आली. नमुना नसेल तर पुढे शंका उद्भवल्यास काय तपासावयाचे, छायाचित्रात न आलेला अवयव कोठून आणावयाचा, असा हरकत घेणाऱ्यांचा प्रश्न होता.

आयुष्य माश्यांच्या अभ्यासात घालविलेल्या तज्ज्ञांमध्येही जेथे एकमत नाही, तेथे गावात काढलेल्या एका अस्पष्ट छायाचित्रावरून जातीचे नाव छातीठोकपणे सांगणे योग्य होणार नाही. भ्रमणध्वनीवरील काही अॅप क्षणात नाव सुचवितात. ती केवळ सूचना समजावी. विशेषतः जी जात फारशी कोणी पाहिलेली नाही, तिच्या जागी अॅपकडून परिचित जातीचे नाव सुचविले जाण्याचा संभव अधिक असतो.

छायाचित्र घेण्याची रीत

सकाळी ऊन तापण्यापूर्वी माश्या सुस्त असतात. ती वेळ छायाचित्रास उत्तम. पकडलेली माशी काचेच्या लहान बाटलीत घालून काही मिनिटे फ्रिजच्या साध्या कप्प्यात ठेवल्यास ती थोडा वेळ स्थिर राहते. भ्रमणध्वनीवर बसविण्याचे लहान भिंग मिळते, ते वापरावे. सावलीतील पुरेसा उजेड चांगला. थेट उन्हात केस चमकतात व खुणा लोपतात.

एका माशीची किमान पाच छायाचित्रे घ्यावीत :

१. पाठीच्या बाजूने, सर्व शरीर येईल असे.
२. बरोबर बाजूने, ढाल व तिच्याखालचा भाग स्पष्ट दिसेल असे.
३. समोरून, डोळे व शृंगिका दिसतील असे.
४. पसरलेल्या पंखाचे, शिरा मोजता येतील असे.
५. शेजारी मोजपट्टी ठेवून, लांबी मिलिमीटरमध्ये कळेल असे.

याशिवाय यजमान अळीचे, तिच्यावरील अंड्याचे किंवा काळ्या डागाचे व पिकाचे छायाचित्र जोडावे. छायाचित्रांवर रंग वाढविणे, कडा तीव्र करणे असे संस्कार करू नयेत. संदेशातून पाठविताना छायाचित्र आक्रसते व बारीक केस पुसट होतात. म्हणून मूळ फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावी व एक प्रत आपल्याजवळ राखावी.

अळी पाळून पुरावा मिळविणे

शेतात उडणाऱ्या माशीपेक्षा अळीतून निघालेली माशी अधिक मोलाची असते. कारण तिच्याबरोबर यजमानाची ओळख आपोआप मिळते. याकरिता पुढीलप्रमाणे करावे.

पांढरी अंडी चिकटलेल्या किंवा काळा डाग असलेल्या मोठ्या अळ्या शेतातून जिवंत आणाव्यात. मेलेल्या अळ्या आणू नयेत. मेलेल्या अळीवर कुजके खाणाऱ्या माश्या अंडी घालतात आणि पुढे त्यांतून निघालेली माशीच अळीची मारेकरी होती, असा खोटा समज होतो. या चुकीमुळे मांसमाशीस परोपजीवी ठरविले जाण्याचा धोका असतो.

घाटे अळ्या एकमेकींना खातात. म्हणून एका बरणीत एकच अळी ठेवावी. बरणीच्या तळाशी दोन बोटे ओलसर, चाळलेली माती घालावी, तोंडास पातळ कापड बांधावे व रोज ताजे खाद्य देऊन जुने काढून टाकावे. अळीने कात टाकली तर काढून ती पाहावी. अंडे फुटण्यापूर्वी कात पडल्यास अंडे कातीबरोबर निघून जाते व अळी वाचते. म्हणून अंडे दिसले की अळी मरणारच, असे धरून चालू नये.

कृमी बाहेर पडून मातीत कोष झाला म्हणजे तो दिनांक लिहून ठेवावा. माशी निघाल्यावर लगेच तिचे छायाचित्र घेऊ नये. नव्या माशीचे पंख आखडलेले व रंग फिका असतो. एक दिवस जाऊ द्यावा. नंतर छायाचित्रे घेऊन माशी रात्रभर फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवावी. मेलेली माशी मऊ, पातळ कागदावर ठेवून लहान पेटीत बंद करावी. कापूस वापरू नये. त्यात पाय व केस अडकून तुटतात. रिकामा कोष त्याच पेटीत ठेवावा, कारण त्याच्या मागील टोकावरील श्वसनछिद्रेही ओळखीस उपयोगी पडतात. कापडाआड ठेवलेल्या रेशीम कीटकांतून निघालेली उझी माशी मात्र कोणत्याही कारणाने बाहेर सुटू देऊ नये.

नमुन्याबरोबर शिसपेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी असावी. तीत गाव, तालुका, जिल्हा, दिनांक, पीक, यजमान अळी व गोळा करणाऱ्याचे नाव लिहावे. चिठ्ठी नसलेल्या नमुन्याची किंमत फार कमी होते. नमुना व छायाचित्रे जवळच्या कृषी विज्ञान केंद्रामार्फत राहुरी, अकोला, परभणी किंवा दापोली येथील कृषी विद्यापीठाच्या कीटकशास्त्र विभागाकडे पाठवावीत. बंगळूर येथील राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्यूरो ही संस्था कृषी कीटकांच्या ओळखीचे व संग्रहाचे काम करते. भारतीय प्राणी सर्वेक्षणाचे पश्चिम विभागीय केंद्र पुणे येथे आहे. दुर्मिळ नमुना विद्यापीठामार्फत तेथपर्यंत जाऊ शकतो.

उत्तर येईपर्यंत शेतात काय करावे?

जातीचे नाव कळण्यास वेळ लागतो; पीक तेवढे थांबत नाही. सुदैवाने शेतातील निर्णयास जातीचे नाव लागतेच असे नाही.

समजा, तुरीच्या शेतातून वीस मोठ्या अळ्या आणल्या व त्यांपैकी सहांवर पांढरी अंडी आढळली. बाजूने घेतलेल्या छायाचित्रात ढालीखालची फुगवटी व पोटावरील राठ केस स्पष्ट दिसतात. यावरून माशी टॅकिनिड कुळातील असून ती घाटे अळीवर उपजीविका करते, इतके समजण्यास हरकत नाही. कार्यकर्त्याने नोंदवहीत ‘टॅकिनिड माशी, जात अनिश्चित, यजमान घाटे अळी’ असे लिहावे. ही नोंद पूर्ण आहे. रिकामी जागा दिसते म्हणून ऐकीव नाव भरू नये.

तथापि माशी आहे म्हणून पीक तिच्या हवाली करून चालणार नाही. अंडे बसलेली अळीही काही दिवस शेंगा खातच असते. म्हणून अळ्यांची मोजणी चालू ठेवावी. कीड नुकसानीच्या पातळीखाली असेल तर फवारणी टाळावी. उपाय करावाच लागला तर सर्व कीटकांना मारणारे औषध प्रथम न उचलता पाच टक्के निंबोळी अर्क किंवा घाटे अळीचा विषाणू यांसारख्या उपायांचा विचार विद्यापीठाच्या शिफारशीनुसार करावा. हा विषाणू अळीसच मारतो, माशीस मारीत नाही.

तीच माशी रेशीम संगोपनगृहात दिसली तर नावाची वाट पाहू नये. दारे-खिडक्यांस बारीक जाळी बसवावी, अंडी किंवा काळे डाग असलेले कीटक वेचून नष्ट करावेत, भिंतींच्या व जमिनीच्या भेगा बुजवाव्यात व तेथील तपकिरी कोष गोळा करून जाळावेत. उझी माशीच्या कोषांवर उपजीविका करणारा नेसोलिंक्स थायमस हा सूक्ष्म कीटक रेशीम संशोधन संस्थांच्या सल्ल्याने सोडता येतो. येथे परोपजीवी माशीवर दुसरा परोपजीवी कीटक शेतकऱ्याच्या उपयोगी पडतो.

गावातील कार्यकर्त्याने हंगामात दहा अळ्या जरी काळजीपूर्वक पाळल्या, तरी आपल्या शिवारात कोणती माशी कोणत्या किडीवर काम करते याची विश्वसनीय नोंद तयार होते. एखादी क्वचित आढळणारी जात हाती आली, तर बाजूने घेतलेले एक स्पष्ट छायाचित्र, चिठ्ठीसह जपलेली माशी व तिचा रिकामा कोष या तीन गोष्टींवरून ती तज्ज्ञांना ओळखता येईल. अळी गोळा करण्याच्या दिवशीच बरण्या, चाळलेली माती, कापड व चिठ्ठ्या सिद्ध ठेवाव्यात, म्हणजे पुढील काम अडत नाही.